‘डोळे मिटून घ्यायची, म्हणूनच तर डीलर’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

डीलरकडे जुनी गाडी बघायला जाण्याआधी काय तयारी करावी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू. ‘गाडी घ्यायची आहे की चंद्रावर यान सोडायचंय?’ हे वाक्य घरात मोठ्याने वाचून दाखवलं. बायको तुमच्या बाजूने आहे.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी सगळ्या डीलरांना एका माळेत ओवून चोर ठरवतो. नवख्या माणसाला घाबरवून सोडतो. ओळखीपाळखीत गाडी न घेता आपण डीलरला वीस-तीस हजार जास्त मोजतो, ते डोळे मिटून घेता यावी म्हणूनच. आणि विम्याबद्दल मी चुकीचं लिहिलंय.

विम्याचं आधी, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. ‘विमा गाडीबरोबर येतोच’ असं मी बिनधास्त लिहून गेलो. येतो तो थर्ड पार्टीचा भाग, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग नावावर करून घ्यायला १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. तो राहिला आणि पंधरा-वीस दिवसांनी गाडी कुठे ठोकली, तर क्लेमवरून रडायची वेळ येते. शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, माणसाचा असतो, गाडीचा नाही. आधीच्या मालकाला ५० टक्के सूट मिळत असेल तर पॉलिसी नावावर करताना तो फरक आपल्याच खिशातून जातो. डीलर ‘इन्शुरन्स मार्चपर्यंत चालू आहे साहेब’ म्हणतो तेव्हा यातलं काही बोलत नाही, आणि आपणही विचारत नाही.

आता चोरांचं. लेख पुन्हा चाळला, हा शब्द मी वापरलेला नाही. पण सूर तसा लागला असेल, म्हणून मला खरंच काय म्हणायचंय ते सांगतो. डीलर खोटं बोलतो ही माझी तक्रार नाही. त्यालाही माहीत नसतं, ही अडचण आहे. कुणीतरी एक्स्चेंजमध्ये टाकलेली किंवा लिलावात उचललेली गाडी त्याने घेतली, तेव्हा त्यानेही ती अर्धा-पाऊण तासच बघितली. मग धुऊन, पॉलिश मारून, सीटकव्हर बदलून उभी केली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणला पुराच्या पाण्यात गाड्या बुडाल्या, त्या सगळ्याच काही भंगारात गेल्या नाहीत. विमा कंपनीने ‘टोटल लॉस’, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही अशी धरलेली गाडी लिलावात जाते, कुणीतरी ती सुकवतो, वायरिंग बदलतो आणि दोन हात फिरून ती चारशे किलोमीटरवरच्या यार्डात येते. तिथला विकणारा ‘फर्स्ट ओनर, डॉक्टरची गाडी’ म्हणतो ते त्याला जसं सांगितलं तसंच. त्याच्या सचोटीवर शंका न घेता सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघता येतो. तळाशी गाळाचा पट्टा असेल तर डॉक्टरांनी गाडी बहुधा नदीतून नेली होती.

मी या बाबतीत इतका चिवट का, ते मूळ लेखात लिहिलं नव्हतं. २०१९ मध्ये मी माझी जुनी वॅगनआर एका डीलरला दिली. पैसे त्याच दिवशी खात्यात आले, माणूस गोड, चहा पाजला. टीटीओच्या, म्हणजे मालकी बदलाच्या फॉर्मवर सह्या केल्या, तारखेची जागा कोरी, आणि निघालो. सव्वा वर्षाने सोलापूरहून वेगाचं चलन माझ्या मोबाइलवर. मग दुसरं. डीलर म्हणाला, ‘गाडी पुढे गेली, पार्टीला सांगतो.’ त्याच सुमारास कुणीतरी मला सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालाबद्दल सांगितलं: आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, मग गाडी चार हात पुढे विकलेली का असेना. त्यानंतर दोन महिने मला नीट झोप नव्हती. शेवटी त्या ‘पार्टी’चाच फोन आला. बिचारा शाळेत शिपाई होता, पूर्ण पैसे मोजून गाडी घेतलेली, आणि माझ्या सहीचे फॉर्म डीलरकडून गहाळ झालेले. पुन्हा सह्या करायला मी सोलापूरला गेलो. तो मनुष्य तोवर माझ्या नावाची गाडी, माझ्या नावाच्या संपलेल्या विम्यावर चालवत होता. त्यानेही डोळे मिटूनच घेतली होती.

त्यानंतर कायदा बराच सुधारला, हे तुमचं म्हणणं मान्य. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्राधिकार प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मालकाकडून गाडी ताब्यात घेतली की तशी ऑनलाइन सूचना द्यावी लागते आणि तेव्हापासून मालकाची जबाबदारी त्याच्यावर येते. चांगला नियम आहे. म्हणूनच आता पहिला प्रश्न गाडीचा न विचारता त्या प्रमाणपत्राचा विचारावा. मी गेल्या वर्षी मेहुण्यासाठी तीन ठिकाणी विचारलं. एकाने भिंतीवर लावलेलं दाखवलं, एकाने ‘प्रोसेसमध्ये आहे’ सांगितलं, तिसऱ्याने मीच सरकारी माणूस आहे का ते विचारलं.

अर्धा दिवस वाया जातो, असंही तुम्ही लिहिलंय. उलट आहे हो. फोनवर गाडीचा नंबर मागायचा. नंबर द्यायला जो कां-कूं करतो त्याच्याकडे जायचंच नाही, तिथेच पेट्रोल वाचलं. नंबर मिळाला की घरी बसून परिवहनच्या साइटवर नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसीची मुदत, बँकेचा बोजा बघायचा. चलनं वेगळी बघायची. कर्ज फिटलं असलं तरी बोजा आरसीवर राहिलेला असतो, मग बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ डीलरकडे आहे का ते विचारायचं. ‘नंतर आणून देतो’ याला उत्तर एकच, ‘मग टोकनही नंतर.’ शेवटी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन. ३८ हजार किलोमीटर दाखवणारी गाडी तीन वर्षांपूर्वीच ७१ हजारांवर सर्व्हिसिंगला आली होती, हे मेहुण्याला तिथल्याच मुलीने सांगितलं. ती गाडी बघायला आम्ही गेलोच नाही.

जीएसटीवरून तुम्ही डीलरची बाजू घेतलीत. ‘१८ टक्के सरकारला जातात, तो तरी काय करणार?’ जातात, पण फरकावर. तीन लाखांना घेतलेली गाडी तीन लाख चाळीसला विकली तर कर चाळीस हजारांवर, म्हणजे ७,२०० रुपये. पूर्ण किमतीवर लावला तर तो ६१,२०० होईल. कुणी तसा हिशेब समोर मांडला तर हसून बिल मागावं.

‘सर्टिफाइड’ गाडीची वॉरंटी मी नाकारत नाही. फक्त तिचा कागद घरी आणून वाचा. बहुतेक ठिकाणी इंजिन आणि गिअरबॉक्स सांभाळतात; क्लच, ब्रेक, बॅटरी, टायर बाहेर. आणि पहिल्या वर्षात खर्च निघतो तो नेमका या चार गोष्टींवर.

गाडी तपासायला न्यायच्या यंत्रांची यादी मी लेखात दिली होती, तिच्यावर मात्र मी माघार घेतो. रंगाची जाडी मोजणारा मीटर, स्कॅनर, हे माझ्या हौसेचं लिहिलं गेलं, काढून टाकलंय. गाडी ठोकून दुरुस्त केली असेल तर फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) बोल्टवर पान्याच्या खुणा आणि दोन दरवाजांमधली कमी-जास्त फट नुसत्या डोळ्यांना दिसते. रोजचा गॅरेजवाला बरोबर न्या, त्याचे पाचशे-हजार द्या. तो डिकीतली स्टेपनी काढून खाली बघेल, आपण तोवर म्युझिक सिस्टिम बघत असतो.

तुम्ही या रविवारी २०१८ ची बलेनो बघायला जाणार आहात. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्यावर असतील: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाचही टायरचे वाचा. आणि शनिवारी संध्याकाळी फोन करून सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ पोचलात की नमस्कार-चमत्काराच्या आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर सकाळी चालू व्हायला तिने किती वेळ घेतला ते विचारा, आणि उत्तर देताना कोण कोणाकडे बघतो ते बघा.