झिंक ऑक्साइड रक्तात जातं? धोका वेगळ्याच ठिकाणी आहे

‘सनस्क्रीनमधल्या झिंक ऑक्साइडचे नॅनोकण कातडीतून रक्तात उतरतात, छिद्रं बुजवतात, त्यापेक्षा पूड आणा, तेलात घोटा आणि घरीच क्रीम करा.’ हा सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय. त्यातला शेवटचा भाग सर्वांत घातक आहे.

झिंक ऑक्साइड म्हणजे अतिनील किरण अडवणारी जस्ताची पांढरी पूड, आणि नॅनोकण म्हणजे तिचे अतिसूक्ष्म कण. आधी रक्ताचं बघू. ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात (२०१०) जस्ताचा ओळखता येणारा समस्थानिक (वजनाने किंचित वेगळा अणू) वापरून सनस्क्रीन बनवलं आणि ५ दिवस लोकांना लावलं. त्या जस्ताचा अंश रक्तात सापडला, हे खरं. पण रक्तात मुळातच असलेल्या जस्तापुढे तो अगदी किरकोळ होता, आणि ते कण होते की विरघळलेलं जस्त, हे त्या चाचणीत कळत नाही. धडधाकट त्वचेवर कण बहुतेक वरच्या मृत पेशींच्या थरातच अडकतात.

छिद्रं बुजण्याचा दोष बहुधा कणांचा नसतो, जड तेलकट बेसचा असतो. मुरुमं येत असतील तर हलका बेस घ्या.

त्रास होतच नाही असं नाही. त्वचा कोरडी पडते, पांढरट थर दिसतो, डोळ्यांत गेलं तर चुरचुरतं. खाज किंवा पुरळ आलं तर संशय आधी सुगंधावर आणि प्रिझर्व्हेटिव्हवर घ्या. नवं क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून २ वेळा, आठवडाभर लावून पाहा.

आता घरगुती क्रीम. पूड तेलात घोटली की कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. बोटाला मऊ लागतं, पण त्वचेवर पसरलं की गुठळ्यांच्या मधे उघड्या फटी राहतात आणि अतिनील किरण तिथूनच आत शिरतात. वजनकाट्यावर २० टक्के पूड मोजली म्हणून एसपीएफ (ऊन अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) मिळत नाही. कारखान्यात कणांवर लेप देतात, ते यंत्रात दळून सारखे पसरवतात आणि मग चाचणी करतात. शिवाय पूड ओतताना उडते, श्वासातून फुप्फुसांत जाते. नॅनो झिंक ऑक्साइडला युरोपीय संघ सनस्क्रीनमध्ये २५ टक्क्यांपर्यंत परवानगी देतो, पण श्वासातून फुप्फुसांत जाईल अशा वापराला नाही, ते याच काळजीपोटी.

म्हणून तयार क्रीमच घ्या, स्प्रे नको. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं लावा, उन्हात असाल तर दर २ तासांनी पुन्हा. घाम पुसलात तर लगेच.