पॅरिसचे ‘मराठा वीर’ आणि मोमिनाबादचा रिसाला

दरवर्षी १७ सप्टेंबरच्या आसपास आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक फोटो येतोच. पगडीवाले सैनिक रांगेने चाललेत, एक गोरी बाई त्यातल्या एकाच्या छातीवर फूल टोचतेय. खाली मजकूर: ‘१९१४. युद्धावर निघालेल्या मराठवाड्याच्या मराठा वीरांना पॅरिसचा निरोप. यातला एकही परत आला नाही. हे शाळेत शिकवत नाहीत. पुढे पाठवा.’ मुक्तिसंग्राम दिनाशी याचा संबंध काय, विचारू नका. यंदा हिंगोलीच्या काकांनी पाठवला. फोनवर सांगून बघितलं, तर “तुला लई कळतंय” म्हणाले. म्हणून लिहूनच काढतो.

पॅरिस तेवढं खरं आहे. पहिलं महायुद्ध चालू होतं, साल १९१६, तारीख १४ जुलै, फ्रान्सचा राष्ट्रीय दिन. त्या दिवशी दोस्त राष्ट्रांच्या तुकड्यांचं संचलन होतं. बेल्जियन होते, रशियन होते, इंग्रज होते, त्यात हे आपले. निरोपाचा प्रश्नच नाही. १९१४ला आपली फौज सप्टेंबरअखेर मार्सेय बंदरात उतरली, रेल्वेने ऑर्लेआँला गेली आणि तिथून उत्तरेच्या आघाडीवर. फुलं मार्सेयलाही मिळाली, त्याचेही फोटो आहेत. खिचडी बहुधा तिथेच शिजली.

आता ‘मराठा’. फोटो जरा मोठा करून बघा: दाढी बघा, पगडीचे पेच बघा. शीख आहेत. तेव्हाच्या फ्रेंचांच्या लेखी हिंदुस्थानातला प्रत्येक माणूस ‘हिंदू’ होता, आमच्या ग्रुपवर प्रत्येक पगडीवाला मराठा आहे.

मराठा पलटणी होत्या कुठे? १०३वी, ११०वी आणि ११७वी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये. कुत-अल-अमारा गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात खायला घोडे कापायची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ला अख्खी फौज शरण गेली. पॅरिसमध्ये फुलं टोचली जात होती तेव्हा या पलटणींचे जवान तुर्कांच्या कैदेत होते. फ्रान्सला मराठे गेलेच नाहीत असं मात्र नाही. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे खंदक-पूल बांधणाऱ्या सैनिकांच्या तुकड्यांत ते होते, आणि २८ ऑक्टोबर १९१४ला न्यव शापेल गावात ४७व्या शीख पलटणीसोबत ते घरोघरी लढले. पण तेव्हाची मराठा भरती मुख्यतः कोकण-साताऱ्याकडची. आपण निजामाच्या मुलखातले.

मग मराठवाड्याचा काहीच धागा नाही? आहे, आणि तो फॉरवर्डवाल्यांना ठाऊकच नाही. फ्रान्समध्ये २०वी डेक्कन हॉर्स नावाची घोडदळाची पलटण होती. तिचं मूळ हैदराबाद कंटिन्जंटच्या (निजामाच्या खर्चाने चालणारी, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज) रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, आणि त्या कंटिन्जंटच्या छावण्या होत्या औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबादला. मोमिनाबाद म्हणजे आमचं अंबाजोगाई! स्वार दख्खनी मुसलमान, शीख आणि जाट. पॅरिसमध्ये संचलन झालं त्याच १४ जुलैच्या संध्याकाळी, फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या रणधुमाळीत, डेक्कन हॉर्स भाले घेऊन हाय वूड नावाच्या रानावर चालून गेली. समोर मशीनगन. उभ्या पिकातून घोडे घातले, काही जर्मन भाल्याने टिपले, रात्र तिथेच काढली, पहाटे मागे बोलावलं. हल्ल्याच्या आधी कार्नुआच्या खोऱ्यात रांगेत उभ्या असलेल्या या स्वारांचाही फोटो आहे. लढाईवर निघालेल्यांचा फोटो हवा असेल तर तो हा. पण त्यात फूल नाही, बाई नाही, म्हणून कोणी पुढे पाठवत नाही.

‘एकही परत आला नाही’ हे तर उगाच रडवायला. फ्रान्सला आपले सुमारे १,४०,००० लोक गेले, त्यातले बहुतेक परतले. कबर न सापडलेल्यांची नावं न्यव शापेलच्या स्मारकावर आहेत, साधारण ४,७००. शाळेत शिकवत नाहीत, हे मात्र मान्य.

कार्नुआचा फोटो मी काकांना पाठवला. निळ्या खुणा लगेच आल्या. पाचेक मिनिटांनी उत्तर: “यात आपले कोणते?”