पास कसा अडवू नये

कॉलेज फुटबॉलचे प्रशिक्षक व्हायचं तुमच्या मनात आहे? (अमेरिकन फुटबॉल म्हणतोय, ज्यात पायापेक्षा हाताला काम जास्त.) आणि समोरच्याने फेकलेला चेंडू त्याच्याच माणसाच्या हातात सुखरूप पोचावा, अशी सदिच्छाही आहे? मग लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा, म्हणजे एलएसयूचा, 2020 चा हंगाम मन लावून अभ्यासा.

आधी दारावर पाटी लावा. एलएसयूची पाटी होती 'डीबीयू', डिफेन्सिव्ह बॅक (मागे राहून पास अडवणारे गडी) घडवणारं विद्यापीठ. पाटी खोटी नव्हे हो. पॅट्रिक पीटरसन, टायरन मॅथ्यू, जमाल ॲडम्स हे सगळे इथलेच. शिवाय आदल्या हंगामात 15 पैकी 15 सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद. आता पास पूर्वपुण्याईच अडवेल. त्या संघातले 14 जण एनएफएलने (अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगने) उचलून नेले, असल्या बारीकसारीक गोष्टींत शिरू नका.

मग पाहुणे बोलवा. 26 सप्टेंबरला एलएसयूच्या गावी, बॅटन रूजमध्ये, आला मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा संघ, नवे प्रशिक्षक माइक लीच यांना घेऊन. या गृहस्थांचं दुकान वर्षानुवर्षं एकाच मालाचं, 'एअर रेड'. चार-पाच रिसीव्हर (पास झेलणारे गडी) पसरायचे, त्यातल्या दोघांना एकमेकांच्या वाटेतून आडवं पळवायचं आणि फेकत सुटायचं. लीच काय करणार हे स्टेडियमबाहेर शेंगा विकणाराही सांगेल. म्हणून तुम्ही त्यांना चकवा: प्रत्येक रिसीव्हरमागे एकेक गडी चिकटवा. वाटा छेदल्या की तुमचेच दोघे एकमेकांना धडकतील, रिसीव्हर निसटेल आणि पुढे अख्खं मैदान त्याच्या बापाचं. शेवटच्या षटकात सीमारेषा मोकळी सोडून तीन स्लिप लावण्यातली मौज यात आहे.

खरी कसोटी पुढे. पहिला लांब पास गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. डळमळू नका! डाव बदलणं म्हणजे पाटी उतरवणं. मिसिसिपी स्टेटचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा गडी) के. जे. कॉस्टेलोने 60 पास फेकले, 36 पोचले, त्यांतून संघ 623 यार्ड पुढे सरकला. एसईसीच्या, म्हणजे हे संघ ज्या साखळीत खेळतात त्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या, इतिहासात एका सामन्यात एवढे कुणीच काढले नव्हते. निकाल 44-34, गतविजेते घरच्या अंगणात आडवे. तुमचा भरवशाचा कॉर्नरबॅक (कडेच्या रिसीव्हरला अडवणारा) डेरेक स्टिंगली त्या दिवशी आजारी होता, ही सबब जपून वापरा. दोन आठवड्यांनी मिसूरीच्या कॉनर बेझलॅकने 406 यार्ड काढून 45-41 असं हरवलं, तेव्हा ती चालली नाही.

एक सावधगिरी: आर्कान्सासकडे चुकूनही बघू नका. एसईसीत ओळीने 20 सामने हरलेला हा संघ. ना पाटी, ना पुण्याई. पुढच्याच आठवड्यात त्यांनी लीच यांच्यासमोर तिघांनाच क्वार्टरबॅकवर सोडलं, बाकी आठ जण मागे पेरून ठेवले आणि कॉस्टेलोचे तीन पास पळवून 21-14 असा सामना खिशात घातला. त्यानंतर केंटकीने तर सहा पास पळवले. असली माणसं धंद्याचा भाव पाडतात.

नोकरीचं काय, म्हणता? एलएसयूने हंगामात सामन्यामागे सरासरी 323 यार्डांचे पास खाल्ले, देशात शेवटचा नंबर. बचावाचे प्रशिक्षक बो पेलिनी यांना डिसेंबरात निरोप मिळाला, सुमारे 40 लाख डॉलरसह. दहा सामने, 3,230 यार्ड. म्हणजे यार्डामागे साधारण 1,240 डॉलर. संपादनात गेलेल्या जमिनीला इतका भाव सरकारसुद्धा देत नाही.