मोजणी

पट्टकादंब पक्षी मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून खटाव तालुक्यात येतात, तर साताऱ्याहून येरळवाडीच्या तलावापर्यंत जायला आपल्याला काय धाड भरली आहे, असा विचार करून जानेवारीतल्या एका पहाटे मी मेव्हण्यांची सहाशे मिलिमीटरची लेन्स पोटाशी धरून निघालो. लेन्स देताना त्यांनी तिच्यावरचा प्रत्येक जुना ओरखडा मला बोट ठेवून दाखवला होता. नव्यावरून पुढे वाद नको.

तलावाच्या पलीकडच्या काठाला पट्टकादंबांचा मोठा थवा होता आणि दुर्बिणीतून त्यांच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टेही स्वच्छ दिसत होते. कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसला मात्र पक्ष्यांपेक्षा मधल्या गवतात अधिक गोडी होती, त्यामुळे खटाव तालुक्यातील गवताच्या पात्यांचे एक परिपूर्ण दप्तर माझ्याकडे तयार झाले. हाताने फोकस करायचे सुचेपर्यंत ऊन चढले, आणि तापलेली हवा पाण्यावर अशी थरथरू लागली की ते पक्षी उकळत्या चहात पोहत असल्यासारखे दिसू लागले.

इतक्यात पाठीमागून प्रश्न आला, "मोजणी कवा हाय सायेब?"

ट्रायपॉड लावून एक डोळा मिटलेला माणूस शिवारात दुसरे काय करणार? मी पक्षी दाखवले, त्यांच्या हिमालयावरच्या उड्डाणाची कथाही सांगितली. आजोबांनी ती शांतपणे ऐकून घेतली. "आमचा हरभरा खात्यात ती," ते म्हणाले. "तिकडं पिकत न्हाई व्हय?"

मग ते मला बांधावर घेऊन गेले. चुलत भावाने हद्दीचा दगड दोन हात सरकवला होता, असे त्यांचे म्हणणे होते, आणि एवढी मोठी दुर्बीण आणणाऱ्या माणसाने त्याचा एक फोटो काढल्याशिवाय जाणे त्यांना मंजूर नव्हते. मी वीस पावले मागे सरकून फोटो काढला. तेवढ्यात एक पांढरा धोबी शेपटी हलवत त्या दगडावर येऊन बसला.

घरी येऊन पाहिले, तर दिवसभरातला तोच एक फोटो लख्ख आला होता. दगडावरचे शेवाळ आणि धोब्याच्या डोळ्यातली चमक दिसत होती. शिवाय धोबीही उत्तरेकडून येणारा हिवाळी पाहुणाच असल्याचे मी मेव्हण्यांना दोनदा सांगितले. ते लेन्सवरचे ओरखडे मोजत होते. फोटो मी आजोबांच्या नातवाच्या मोबाइलवर पाठवला. रात्री फोन आला.

"फोटू झ्याक हाय सायेब, पर ते पाखरू नेमकं खुणंवर बसलंया. ते उठवून दुसरा काढा."