शंभराच्या स्टॅम्पवर मूल मिळत नसतं

काल रात्री साडेअकराला मावसबहिणीचा फोन, रडत. "ताई, आम्ही रजिस्ट्रेशन करून चूक केली का गं?" दोनच महिने झाले तिने आणि तिच्या नवऱ्याने दत्तकसाठी नाव नोंदवून. सासूबाईंना भिशीच्या ग्रुपवर तो "दत्तक घेण्याआधी हे वाचाच" वाला मेसेज आला आणि त्यांनी तो तिला पाठवला. मला स्वतःला हा मेसेज वर्षभरात चार वेळा आलाय. म्हणणं काय, तर सरकारी मार्गाने लाखो रुपये आणि पाच-सहा वर्षं जातात, म्हणून ओळखीच्या हॉस्पिटलमधून थेट बाळ घ्या आणि शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करा. शिवाय स्वतःचं घर नसेल तर नंबर लागत नाही, सहा महिन्यांवरचं मूल नको, जात-पत्रिका बघून घ्या, आणि मुलाला कधीच सांगू नका. आमची लेक अकरा महिन्यांची होती घरी आली तेव्हा, आता सात वर्षांची आहे. मला यावर गप्प बसवत नाही.

हॉस्पिटलवाल्या मुद्द्याचंच आधी बोलते, कारण यात लोक खरंच अडकतात.

बाल न्याय कायदा 2015, कलम 80 आणि 81 वाचा. अनाथ, सोडून दिलेलं किंवा आईवडिलांनी स्वाधीन केलेलं मूल कायद्याची पद्धत टाळून दत्तक म्हणून दिलं किंवा घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही, म्हणजे देणाराच नाही, घेणाराही अडकतो. पैसे देऊन मूल घेतलं तर ती सरळ खरेदी-विक्री, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि वर दंड. आणि ते करणारा हॉस्पिटलचा किंवा मॅटर्निटी होमचा माणूस असेल तर किमान तीन आणि सात वर्षांपर्यंत. कायद्यात हॉस्पिटलचा उल्लेख मुद्दाम करावा लागला, यावरून समजा हा धंदा कुठून चालतो ते.

पण मला शिक्षेपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त लागते. एखादी आई बाळ सोडायचं ठरवते तेव्हा तिला बालकल्याण समितीपुढे (मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी सरकारी समिती) यावं लागतं, तिथे कागद झाल्यावरही तिला विचार बदलायला 60 दिवस मिळतात. नुकतीच बाळंत झालेली, बहुतेक वेळा एकटी, घाबरलेली पोरगी असते ती. ते दोन महिने तिचे आहेत. "थेट घ्या" म्हणणारा माणूस तेच तिच्याकडून काढून घेतो, आणि बाळाच्या जन्मदाखल्यावर परस्पर तुमचं नाव टाकून त्या बाळाची खरी सुरुवातच पुसून टाकतो. उद्या त्या आईने तक्रार केली तर पोलीस तुमच्या दारात येणार आणि तुमच्या कडेवरचं मूल परत जाणार, मग नोटरीचा कागद दाखवून काय होणार?

एक मान्य करते. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याने जन्मदात्या आईवडिलांकडून थेट दत्तक घेता येतं, नात्यात अशी दत्तकं होतात. पण मूल द्यायचा हक्क आईवडिलांचा, ते नसतील तर कोर्टाच्या परवानगीने कायदेशीर पालकाचा, म्हणजे गार्डियनचा. नर्सचा नाही, डॉक्टरचाही नाही. पैसे देणंघेणं त्यातही गुन्हाच आहे, आणि नोटरी म्हणजे रजिस्टर्ड दत्तकपत्र नव्हे.

वेळ लागतो हेही खरंय. आम्ही तीन वर्षं एक महिना थांबलो, त्यात दोन बारशांना गेलेच नाही मी. पण लाखो रुपये कुठून आणले? 2022 च्या दत्तक नियमावलीत होम स्टडीचे (समाजसेविका घरी येऊन चौकशी करते त्याचे) 6,000 आणि दत्तक संस्थेला 50,000 असं ठरवून दिलंय, मूल घरी आल्यानंतरच्या प्रत्येक भेटीचे 2,000. याच्यावर कुणी मागितले तर तिथून उठा.

घराचं म्हणाल तर आम्ही डोंबिवलीत भाड्याच्या वन बीएचकेमध्ये होतो. समाजसेविका बाईंनी खोल्या मोजल्या नाहीत, ऑफिसला गेल्यावर बाळ कोण बघणार आणि तुमची भांडणं झाली की कोण आधी बोलतं, असं विचारत बसल्या दीड तास. वयाचं म्हणाल तर दोघांच्या वयाची बेरीज 85 च्या वर गेली की दोन वर्षांखालचं मूल मिळतच नाही, त्यामुळे सहा महिन्यांचा हट्ट अनेकांचा तिथेच संपतो. आणि जिथे नाव नोंदवतात त्या सरकारी पोर्टलवर मुलाची जात-पत्रिका निवडायची सोयच नाही, विषय संपला.

"सांगू नका" हे मात्र मला सहन होत नाही. नियमावलीनेच मोठ्या झालेल्या मुलाला आपलं मूळ शोधायचा हक्क दिलाय, अठरानंतर ते स्वतः अर्ज करू शकतं. तुमच्याकडून कळलं नाही तर ते एखाद्या लग्नात एखाद्या आत्याकडून कळेल. आमची लेक तीन वर्षांची असल्यापासून झोपताना "मी बाळांच्या घरातून कशी आले ते सांग" म्हणते, आणि मी कारमध्ये रडले तो भाग गाळला की चिडते.

बहिणीची होम स्टडी गुरुवारी आहे. तिला म्हटलं पडदे धूत बसू नकोस, मेडिकल सर्टिफिकेट आणि उत्पन्नाचे कागद काढून ठेव. सासूबाईंशी मी स्वतः बोलणारे. आणि तुमच्या ग्रुपवर कुणी "बाळ द्यायचं आहे, संपर्क करा" असं टाकलं तर पुढे पाठवू नका, 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.