गणपतराव देशमुख आणि सांगोल्याचं पाणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे दीर्घकाळ आमदार राहिलेले गणपतराव देशमुख यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, ‘एसटीने फिरण्याचं किती कौतुक करणार? पन्नास वर्षं आमदार राहूनही सांगोल्याचा दुष्काळ हटला नाही. आणि एकाच माणसाला अकरा वेळा निवडून देणं ही लोकशाही नव्हे, सवय आहे. शिवाय त्यांच्यानंतर उमेदवारी घरातच गेली.’ प्रश्न रोखठोक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एसटीचं सोडून देऊ. साधेपणा हा चांगला गुण, पण त्याने कालव्याला पाणी येत नाही, हे मला मान्य आहे.

सवयीचं मात्र पटत नाही. १९६२ साली गणपतराव, म्हणजे आबा, पहिल्यांदा निवडून आले. याच मतदारांनी १९७२ला त्यांना घरी बसवलं आणि १९७४च्या पोटनिवडणुकीत परत पाठवलं. १९९५ला पुन्हा पाडलं, अवघ्या १९२ मतांनी. १९९९ला पुन्हा निवडून दिलं. सवय अशी नसते. दर वेळी हिशेब मांडला जात होता.

आता दुष्काळ. शेतकरी कामगार पक्षाचा (शेकाप) आमदार म्हणजे जवळजवळ कायम विरोधी बाकावर. मंत्रिपद मिळालं ते दोनदाच, १९७८ला शरद पवारांच्या आणि १९९९ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. एरवी हातात काय? सभागृहात मंत्र्याला जाब विचारायची आयुधं : तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, कपात सूचना. विधानसभेची छापील प्रश्नोत्तरं एकदा जरूर वाचा. ‘हे खरे आहे काय?’ असं आमदार विचारतो. ‘असल्यास, कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?’ उत्तर येतं, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ खरं काम इथून पुढे सुरू होतं. ज्याचा अभ्यास पक्का असतो तो उपप्रश्नांत मंत्र्याला धरतो, सभागृहात आश्वासन घेतो आणि पुढच्या अधिवेशनात त्याच आश्वासनाचा हिशेब मागतो. हे चिवट काम आहे. त्याचा फोटो निघत नाही, उद्घाटनाची कोनशिलाही लागत नाही.

शिवाय सांगोल्याला पाणी सांगोल्यातून मिळणारच नव्हतं. टेंभू योजना कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलते, टप्प्याटप्प्याने वर चढवते आणि सांगली जिल्ह्यातले तालुके ओलांडून सांगोल्यापर्यंत आणते. सांगोला शेवटच्या टोकाला. वरच्यांची तहान भागल्याशिवाय टोकाला थेंब पोचत नाही, म्हणून एकट्या आमदाराने आपल्या तालुक्यापुरतं भांडून काही साधणार नव्हतं. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींसोबत तेरा दुष्काळी तालुक्यांची मोट बांधून आटपाडीला पाणी परिषदा घेतल्या गेल्या, त्यात आबा पुढे होते ते यासाठीच. श्रेय एकट्याचं नाही, आणि काम अपुरं राहिलं हेही खरं. पण निधी आणि मंजुरी ज्यांच्या हातात होती त्यांना मोकळं सोडून सगळा ठपका विरोधी आमदारावर ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

तुमचा एक मुद्दा मात्र बिनतोड आहे, घराण्याचा. २०१९ला वयामुळे आबा थांबले आणि उमेदवारी नातवाला मिळाली. अनिकेत देशमुख ७६८ मतांनी पडले. २०२४ला दुसरे नातू बाबासाहेब निवडून आले. मतदारांनी दोन्ही वेळा आपला निवाडा दिला, त्याबद्दल तक्रार नाही. पण वर्गणी काढून निवडणूक लढवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या पक्षाला घराबाहेरचा एकही उमेदवार सापडू नये, याचं उत्तर शेकापने द्यायला हवं. आबांबद्दलचा माझा आदर तसूभरही कमी न होता मी हे म्हणतो आहे.