पेरिक्लीसच्या बायकोचं नाव काय होतं?

पेरिक्लीस म्हणजे इ.स.पू. पाचव्या शतकातला अथेन्सचा मोठा पुढारी. त्याच्या वडिलांचं नाव झॅन्थिपस, थोरल्या मुलाचंही झॅन्थिपस, कारण थोरल्याला आजोबांचं नाव ठेवायची ग्रीकांमध्ये पद्धतच होती, आणि धाकटा पॅरालस. मग या दोन पोरांची आई कोण? त्याचं चरित्र लिहिणारा प्लुटार्क एवढंच सांगतो की ती नात्यातली होती आणि आधी हिप्पोनिकसची बायको होती. तिच्या आधीच्या नवऱ्याचं नाव आलं, तिचं नाही. मला हे फार लागतं.

आणि हा विसर नव्हे, रीत होती ती. अथेन्सच्या कोर्टात चांगल्या घरातल्या जिवंत बाईचं नाव सहसा घ्यायचेच नाहीत, अमक्याची मुलगी, तमक्याची आई असंच चालायचं. नीएरा नावाच्या बाईवरच्या खटल्यात (इ.स.पू. चौथं शतक) तिच्याविरुद्ध बोलणारा अपोलोडोरस तिचं नाव पुन्हा पुन्हा घेतो, पण ते तिची अब्रू काढायला. गुलाम बायकांचं तर विचारूच नका, थ्रात्ता हे नाव म्हणजे नुसतं 'थ्रेसची बाई' (थ्रेस हा ग्रीसच्या उत्तरेकडचा प्रदेश), बास.

म्हणून थडग्यांवरची नावं मला जवळची वाटतात. अथेन्सच्या केरामेइकोस दफनभूमीत अँफारेते नावाच्या आजीचा दगड सापडला, मांडीवर तान्हं नातवंड, आणि लेख तिच्याच तोंडून, की माझ्या लेकीचं हे बाळ जिवंतपणी मी मांडीवर घ्यायचे, आता मीही मेले आणि तेही, तरी घेऊन बसलेय. मला वाचताना भरून येतं हो.

पेरिक्लीस युद्धात मेलेल्यांच्या विधवांना भाषणात सांगतो की जिच्याबद्दल पुरुषांत बरंवाईट काहीच बोललं जात नाही तीच बाई मोठी. हे भाषण लोकशाहीचा गौरव म्हणून शिकवतात, शिकवा, पण त्याच तासाला फ्रासिक्लेयाचं नाव पण घ्या ना. पेरिक्लीस आणि फ्रासिक्लेया, दोन्ही नावांत एकच शब्द आहे, क्लेओस, म्हणजे कीर्ती.

ही फ्रासिक्लेया पेरिक्लीसच्या त्या भाषणाच्याही शंभरेक वर्षं आधीची, लग्नाआधीच गेलेली मुलगी. तिच्या थडग्यावरच्या पुतळ्याखालचा लेख म्हणतो, मला कायम कुमारीच म्हणतील, लग्नाऐवजी देवांनी मला हेच नाव दिलं. तो लेखाचा दगड अथेन्सजवळच्या मेरेंदा इथल्या चर्चमध्ये बांधकामात वापरलेला होता, आणि पुतळा 1972 मध्ये जवळच एका खड्ड्यात सापडला, हातात कमळाची कळी. पुतळ्याच्या तळाचं शिसं त्या दगडाच्या खाचेत बरोब्बर बसलं, तेव्हा कळलं की ही तीच, फ्रासिक्लेया.